पोटातले आम्ल आणि उतारवय



गेल्या गणेश चतुर्थीला आम्ही ब्लॅक रिव्हर भागातील एका नातेवाइकांकडे जेवायला होतो. आरती झाली, केळीची पाने मांडली गेली, आणि उपास सोडायला बसलेल्या वडीलधाऱ्यांनी पुरणपोळीवर मनापासून हात मारला. जेवण उरकल्यावर प्रत्येकाच्या खिशातून, पिशवीतून गोळ्या निघू लागल्या. एक साखरेची, एक रक्तदाबाची, आणि जवळजवळ सर्वांकडे एक छोटी कॅप्सूल. ही कशाची, असे आम्ही विचारले. "ती पोटाची," एवढेच उत्तर मिळाले. कधीपासून घेता? एक काका म्हणाले, "थोरल्याचे लग्न झाले त्या वर्षापासून." त्या थोरल्याचा मुलगा आता कॉलेजात आहे.

मग चर्चा सुरू झाली. काकांचे म्हणणे असे की, वय वाढले की पोटातला आसिद वाढतो, म्हणून छातीत जळते आणि म्हणून गोळी लागते. समोर बसलेल्या आजी म्हणाल्या, छे, उलट आहे. वय झाले की जठराग्नी मंद होतो, म्हणून खाल्लेले तसेच पडून राहते. दोघांची मते अगदी विरुद्ध, आणि दोघांनी कॅप्सूल मात्र एकच गिळली! तीही जेवणानंतर. वास्तविक ही कॅप्सूल खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. आम्ही हसलो खरे, पण घरी परतताना तो प्रश्न डोक्यात राहिला. खरे काय? वाढते की कमी होते?

आधी हे आम्ल पोटात असते कशाला, ते पाहू. आपल्या जठराच्या आतल्या अस्तरात लाखो सूक्ष्म पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. संडास साफ करायच्या काही द्रवांत असते तेच हे आम्ल. जठर स्वतःच त्यात विरघळून कसे जात नाही, तर त्याच्या आतून चिकट श्लेष्म्याचा जाड थर असतो म्हणून. दिवसाकाठी दीड-दोन लिटर तरी जठररस पाझरतो. मासळी, डाळ, अंडे यांतील प्रथिने फोडणारा पेप्सीन नावाचा पाचकरस या आम्लाशिवाय जागाच होत नाही. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाईल अशा रूपात आणायला आम्ल मदत करते. आणि तिसरे काम पहारेकऱ्याचे. अन्नपाण्यातून आलेले बहुसंख्य जंतू जठरातच मरतात. १८५४ साली पोर्ट लुईत पटकीने हाहाकार उडवला, तो काळ आपल्या पूर्वजांच्या आगमनाचाच. त्या पटकीच्या जंतूंना निरोगी जठर ओलांडायला फार मोठी फौज लागते. आम्ल नाहीसे केले तर कित्येक पटींनी कमी जंतू पुरतात.

ही माहिती माणसाला मिळाली ती एका विचित्र अपघातामुळे. तो घडलाही एका बेटावर, मात्र ते बेट समुद्रातले नसून अमेरिकेच्या मोठ्या सरोवरातले, मॅकिनॅक नावाचे. ६ जून १८२२ रोजी तेथे अलेक्सी सेंट मार्टिन या फ्रेंच बोलणाऱ्या कॅनडियन तरुणाच्या पोटात अगदी जवळून बंदुकीचा बार गेला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले, पण जखम पूर्ण मिटेना. जठरात डोकावता येईल असे भोक कायमचे राहिले. डॉक्टर काय करीत? मांसाचा तुकडा, पाव, कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडीत आणि तासातासाने बाहेर ओढून पाहत. बिचाऱ्या अलेक्सीला हे मुळीच आवडत नसे, तो अधूनमधून पळूनही जाई. त्याला राग आला की पचन मंदावते, हेही डॉक्टरांनी टिपून ठेवले. (जेवताना घरात भांडू नये असे आपल्या आज्या सांगत, ते उगीच नव्हे.) १८३३ साली बोमाँट यांचे पुस्तक निघाले आणि पचन ही रासायनिक क्रिया आहे, नुसते दळण नव्हे, हे सिद्ध झाले. त्या आधी, १८२३-२४ मध्ये, इंग्लंडच्या विल्यम प्राऊट यांनी हे आम्ल हायड्रोक्लोरिकच आहे हे दाखवले होते. आणि तो अलेक्सी? पोटाला भोक असूनही तो १८८० पर्यंत जगला, डॉक्टरांच्याही मागे!

आता काकांच्या छातीतली जळजळ. जळजळ होते म्हणजे आम्ल जास्त झाले, असा आपला सर्वांचा समज. बहुतेक वेळा आम्ल असते तेवढेच असते, फक्त नको त्या जागी पोचते. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर एक स्नायूंची झडप आहे. ती सैल पडली की जठरातले आम्ल वर चढते. आणि अन्ननलिकेला तो श्लेष्म्याचा जाड थर नसल्यामुळे तिला ते झोंबते. वयाबरोबर ही झडप ढिली होऊ शकते, पोटाचा घेर वाढला तर खालून दाब येतो, रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाले तर आम्लाला वर यायला उतारच लागत नाही. म्हणजे प्रश्न पुष्कळदा दरवाज्याचा आहे, पाण्याचा नव्हे.

आणि आजींचा मंदावलेला अग्नी? येथे आम्हालाही आपले मत बदलावे लागले. साठी ओलांडली की आम्ल आटते, असे अनेक वर्षे डॉक्टरही मानीत. आता असे दिसते की वय हे त्याचे कारण नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पासष्टी उलटलेल्या स्त्री-पुरुषांचे जठर तपासले, तेव्हा जवळजवळ ९० टक्के लोकांत आम्ल व्यवस्थित तयार होत होते. म्हातारपणी दात जातात, लाळ कमी होते, जठर रिकामे व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, आतडी आळसावतात, हे सारे खरे. पण निरोगी जठराची भट्टी सत्तरीतही पेटलेली असते. तर मग ज्यांची विझते त्यांची कशामुळे?

एक चोर सापडला तो आपल्याच हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावर, पर्थ शहरात, जेथे आपल्या बेटावरची कित्येक कुटुंबे जाऊन स्थायिक झाली आहेत. तेथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघा डॉक्टरांनी १९८२ मध्ये जठरात राहणारा एक वळणदार जंतू ओळखला. त्याला पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. आम्लात जंतू जगेलच कसा, म्हणून कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंनी भरलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले. घरी बायकोला आधी सांगितले नव्हते म्हणतात! काही दिवसांत पोट फुगू लागले, सकाळी उलट्या होऊ लागल्या, आणि गंमत पाहा, उलटीच्या पाण्यात आम्ल नव्हते. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, पोटात शिरतो आणि औषध घेतले नाही तर जन्मभर मुक्काम करतो. काहींना त्यापासून अल्सर होतो, थोड्यांना पुढे कर्करोग. आणि काहींच्या जठराचे अस्तर वर्षानुवर्षांच्या दाहाने झिजत जाऊन आम्ल बनवणाऱ्या पेशीच कमी होतात. आजींच्या पिढीत मंद अग्नी अधिक दिसला तो वयामुळे नव्हे, तर या जुन्या पाहुण्यामुळे. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत तो सापडतो, आणि औषधांच्या एका ठरावीक क्रमाने जातो.

दुसरे कारण खिशातली कॅप्सूल. येथे आम्हाला कोणाच्या औषधाची निंदा करायची नाही. १९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले, त्यापूर्वी अल्सरसाठी माणसांची पोटे कापावी लागत. हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. ज्यांच्या अल्सरमधून रक्त गेले आहे, ज्यांची अन्ननलिका सोलवटली आहे, जे हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेतात आणि ज्यांना रक्तस्रावाचा धोका आहे, त्यांनी ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये. प्रश्न उरलेल्यांचा आहे. पोटदुखीसाठी चार किंवा आठ आठवड्यांकरिता सुरू झालेली गोळी चौदा वर्षे चालू राहते, कारण ती थांबवा असे कोणी म्हटलेच नाही. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ पासून आपल्या डॉक्टरांना सांगितले आहे की, सबळ कारण नसेल तर वयस्करांना ही औषधे आठ आठवड्यांपलीकडे देऊ नयेत.

आमच्या मावशींची गोष्ट सांगतो. त्या चतुर्थीच्या पंक्तीत त्याही होत्या, कोपऱ्यात, काही न बोलता. मावशी सत्त्याहत्तर वर्षांच्या. काका गेल्यापासून त्यांनी मासळी-अंडे सोडले. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वीस वर्षे. आणि पोटाची कॅप्सूल अकरा वर्षे. दोन वर्षांपासून त्यांच्या पायांना मुंग्या येत. "साखरेमुळे," असे सगळे म्हणत, आम्हीही म्हणत होतो. मग चालताना तोल जाऊ लागला. "अंधारात जमीन कळत नाही," असे त्या म्हणायच्या. जीभ लाल, गुळगुळीत, चटणीचा थेंब लागला तरी झोंबणारी. शेवटी विसरणे सुरू झाले. डाळीत मीठ दोनदा पडले, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली. घरात दबक्या आवाजात बोलणे सुरू झाले, मावशींचे "तसे" काही तर होत नाही ना, आता त्यांना एकटे ठेवायचे की नाही. आणि मावशींना ते ऐकू येत होते.

चतुर्थीनंतर काही आठवड्यांनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले, तर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सर्व गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या आणि विचारले, यांचे बी-१२ जीवनसत्त्व कधी तपासले होते? कधीच नाही. तपासले, तर फारच कमी निघाले.

हे बी-१२ मज्जातंतूंना आणि रक्ताला लागते, आणि ते मासळी, अंडी, मांस, दूध यांतूनच मिळते, भाजीपाल्यात नाही. अन्नातील प्रथिनांना ते घट्ट चिकटलेले असते. ते सोडवायला आम्ल आणि पेप्सीन हवे. सुटल्यावर त्याला आतड्याच्या शेवटापर्यंत नेणारा एक वाहक पदार्थ लागतो, आणि तोही आम्ल बनवणाऱ्या त्याच पेशी तयार करतात. याचा शोध ज्याने लावला त्या विल्यम कॅसल या बॉस्टनच्या डॉक्टरांची हकीकत थोडी किळसवाणी आहे, पण सांगतोच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस, एका जीवघेण्या पंडुरोगाच्या रुग्णांना नुसते मांस देऊन गुण येत नव्हता. तेव्हा कॅसल स्वतः सकाळी मांसाचा खिमा खात, तासाभराने तो ओकून काढीत, आणि नळीने रुग्णाच्या पोटात सोडीत. रुग्ण सुधारू लागले! निरोगी जठरात असे काही आहे जे त्या रुग्णांच्या जठरात नाही, हे त्यावरून कळले. रुग्णांना काय भरवले आहे हे सांगितले नव्हते, हे बरेच झाले.

मावशींकडे तिन्ही बाजूंनी गळती होती. आहारातून बी-१२ येत होते ते फक्त चहातल्या दुधातून. आले तेवढे सोडवायला आम्ल नाही, कारण कॅप्सूल. आणि मेटफॉर्मिनही बी-१२ चे शोषण कमी करते. यकृतात याचा साठा कित्येक वर्षे पुरतो, म्हणून गळती सुरू झाल्यावर लगेच काही दिसत नाही. दिसते तेव्हा गोळी कधी सुरू झाली ते कोणालाही आठवत नसते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील मोठ्या पाहणीत, दोन वर्षे किंवा अधिक काळ अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत बी-१२ ची कमतरता अधिक आढळली. एकावरून दुसरे झालेच असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण विचारात पाडणारी गोष्ट खरीच. आपल्या बेटावर १९८७ पासून मधुमेहाच्या पाहण्या होत आल्या आहेत, आणि आज जवळजवळ पाच प्रौढांत एकाला तो आहे. मेटफॉर्मिन आणि ही कॅप्सूल एकाच पिशवीत असलेले किती आजी-आजोबा आपल्या ओळखीचे असतील, ते वाचकांनीच मोजावे.

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले. मावशींनी ते एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून अकरा वर्षांपूर्वी कॅप्सूल सुरू झाली होती, आणि कागदावर स्वच्छ लिहिले होते: आठ आठवडे. गुडघ्याच्या गोळ्या तर केव्हाच संपल्या होत्या. तो कागद कोणत्या दवाखान्याचा हे आम्ही सांगणार नाही. त्यानंतर तीन ठिकाणी तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा उतरवली गेली, आणि दर महिन्याला गोळ्या आणायला जाणारे आम्हीच होतो. आम्हीही कधी विचारले नाही.

कॅप्सूल थांबवायची तर एकदम नाही. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले जठर मोकळे झाले की काही आठवडे जास्तच आम्ल सोडते. डेन्मार्कमध्ये २००९ साली ज्यांना पोटाची काहीच तक्रार नव्हती अशा निरोगी माणसांना ही औषधे आठ आठवडे देऊन थांबवली, तर त्यांतील ४४ टक्क्यांना नंतर जळजळ वगैरे सुरू झाली. खोटी गोळी दिलेल्यांत १५ टक्क्यांना. म्हणूनच "सोडली की जळते, म्हणजे मला हवीच" असा माणसाचा समज होतो. मावशींची मात्रा आधी निम्मी केली, मग दिवसाआड, मग बंद. मधले तीन आठवडे त्रासाचे गेले. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले, कारण नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडते आणि उलट दाब वाढतो. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आधी. आणि निजायचे डाव्या कुशीवर. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि झडप वर, त्यामुळे आम्ल सहसा चढत नाही. आपल्या भाषेत दुपारच्या जेवणानंतरच्या पडण्याला वामकुक्षी म्हणतात. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. शब्द आपण जपला, कूस मात्र विसरलो.

येथे दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. कोणी सांगते, तुमचे आम्ल कमी आहे, सकाळी सफरचंदाचा व्हिनेगर प्या. त्याने जठर सुधारते याला भक्कम पुरावा नाही. दातांवरचे कवच मात्र झिजते. कोणी सोडा पाण्यात घालून पिऊन ढेकर किती वेळाने येते यावरून आम्ल मोजायला सांगते. ती तपासणी भरवशाची नाही, आणि रक्तदाब असलेल्यांना सोड्यातील मीठ चांगले नाही. बाजारात मिळणारा अयापानाचा काढा आमच्या घरीही पितात, घोट गरम लागतो, बरे वाटते. पण त्याने बी-१२ भरून येणार नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डब्यावरचे नाव वाचावे. कार्बोनेट असेल तर ते आम्लावाचून नीट विरघळत नाही, म्हणून जेवणाबरोबर घ्यावे. सिट्रेटला ती अडचण नाही. थायरॉईडची गोळी चालू असताना ही कॅप्सूल सुरू किंवा बंद केली तर डॉक्टरांना जरूर सांगावे, मात्रा बदलावी लागू शकते. ब्रेदच्या भाजीवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून दुधाचा चहा पिण्याची आपली सवय थोडी पुढे ढकलावी. चहा लोह अडवतो.

पन्नाशीनंतर बी-१२ विषयी एक सोपी सोय आहे. १९९८ साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने सांगितले की, वयस्करांपैकी १० ते ३० टक्के लोकांना अन्नातील बी-१२ सोडवून घेता येत नाही, म्हणून त्यांनी ते गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या अन्नातून घ्यावे. गोळीतले बी-१२ सुटे असते, त्याला आम्लाची गरज नाही. आधी रक्त तपासून घ्यावे, एवढेच.

आणि गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, डांबरासारखी काळी शौचाला होणे, रक्ताची उलटी, ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करीत बसू नये. तसेच छातीतली जळजळ चालताना वाढत असेल, घाम येत असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर तो पोटाचा नव्हे, हृदयाचा प्रश्न समजून ११४ ला फोन करावा. मधुमेहाच्या रुग्णांत हृदयविकार पुष्कळदा अपचनाचे सोंग घेऊन येतो. आमच्या परिचयातील एक गृहस्थ रात्रभर सोडा पीत बसले होते.

मावशींची इंजेक्शने सुरुवातीला एक दिवसाआड होती, आता दर तीन महिन्यांनी एक. सर्वांत आधी जीभ बरी झाली. त्यांनी आंब्याचे लोणचे मागितले तेव्हा आम्हाला कळले. चालणे सावरले आहे, मात्र पायांच्या बोटांची जाणीव पूर्ण परतलेली नाही आणि परतेलच असे डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. फार उशीर झाला होता. मिठाची चूक पुन्हा झालेली नाही. गेल्या रविवारी त्यांनी नातवाला त्याच्याच नावाने हाक मारून काकांच्या गोळ्यांची पिशवी आणायला पाठवले, ती टेबलावर ओतली, आणि ती कॅप्सूल उचलून विचारले, "ही कोणी दिली, आणि कधीपर्यंत?" काका कागद शोधत आहेत.